नवरीच्या गाडीतला हेडर

मी बोलावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. गरजेपेक्षा जास्त मी आधीच बोलून बसलो आहे, तेही नको तिथे. पण या भिंतीवरच्या खिळ्याला टांगल्यापासून मला दुसरं काम नाही, आणि गप्प कसं राहायचं ते मी इथेच शिकलो. तेव्हा आता हळू आवाजात सांगतो. कुठे चुकलं तर समजून घ्या.

मी हेडर. इंजिनात जळलेला धूर बाहेर पडताना आधी ज्या नळ्यांतून जातो, त्या नळ्या म्हणजे मी. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा त्या जागी ओतीव लोखंडाचा एक जाड, बसका मॅनिफोल्ड असतो. तो काढून हौशी लोक मला बसवतात. माझ्या चार लांब नळ्या वाकत वाकत खाली येतात आणि पुढे एकात मिळतात. धुराला वाट मोकळी झाली की गाडीला जोर येतो, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. ते किती खरं आणि किती खोक्यावरचं, हे मला आजही सांगता येणार नाही. आवाज मोठा होतो, एवढं मात्र नक्की.

कुठल्याशा मोठ्या शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. नळ्या वाकवल्या, जोडल्या, घासल्या. शेवटी वेल्डिंग करणाऱ्या माणसानं मला पान्यानं ठोकून पाहिलं, कान लावला आणि शेजारच्याला म्हणाला, "ये बोलेगा, देखना." मला वाटलं, माझं कौतुक झालं. कितीतरी दिवस मी त्या वाक्यावर फुगून होतो.

खोक्यातून मी यवतमाळला आलो, दारव्हा रस्त्यावरच्या अफरोजच्या गॅरेजमध्ये. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या अंगणात बकऱ्या. अफरोज मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. मोडलेली गाडी घेऊन कुणी रडकुंडीला आला तरी हा आधी चहा पाजणार, दोन टोमणे मारणार आणि मग बॉनेट उघडणार.

तिथे एके दिवशी इंद्रजीत आला. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा हा गडी. थोडी शेती आणि एक जुनी पिकअप. त्याच्या घराण्यातली माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूख पालथा घालायची. इंद्रजीत तेच काम चाकांवर करत होता. बाजाराच्या दिवशी भाजी, एरवी खताच्या गोण्या, मंडपाचं सामान. गाडीचं डिझेल इंजिन जुन्या पद्धतीचं होतं आणि चढावर ते थकायचं.

"अफरोजभाई, गाडी खोकलून राह्यली," इंद्रजीत म्हणाला. "काल चढावर तो दुसरा गाडीवाला पंजाबराव मांगून आला नव्या गाडीत. काच खाली करून म्हणते कसा, इंद्रजीत, उतरून धक्का देऊ काय?"

अफरोज पोट धरून हसला. "मंग? मारून घ्यायचा ना धक्का! फुकटात भेटून राह्यलता."

"हसू नको बे. पोरीचं लग्न आलं. मुकुटबनकडचे पाहुणे हायेत. त्याईच्या तांड्यावर समद्याईकडे नव्या गाड्या. माही गाडी त्याईच्या दारात खोकलत जाईन काय?"

या शेवटच्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. ते कळण्यासाठी आधी तांड्यावरची एक रीत सांगायला हवी. ती मला नंतर गाडीत ऐकून ऐकून समजली.

त्यांच्यात नवरी सासरी निघताना गाते. त्या गाण्याला ते हवेली म्हणतात. जुन्या काळी नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहायची, बापाच्या घराकडे तोंड करून दोन्ही हात वर करायची आणि रडत रडत गायची. आईचं नाव घ्यायची, बापाचं घ्यायची, भावांचं घ्यायची, घरादाराचं भलं मागायची. सगळा तांडा गप्प उभा राहून ऐकायचा. हल्ली तसा पाठीवर माणूस घेऊन उभा राहणारा बैल तांड्यावर उरला नव्हता. तेव्हा कधीपासून तरी इंद्रजीतच्या पिकअपनं त्याची जागा घेतली. बॉनेटला हळद लागायची, हौद्यात सतरंजी पडायची, नवरी हौद्यात उभी राहून गायची. इंद्रजीत किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा, स्टिअरिंगवर डोकं टेकायचा आणि दुसऱ्यांच्या मुलींसाठी रडायचा. तांड्यातली किती घरं अशी त्याच्या आरशात रडली होती! आता त्याची स्वतःची पायल त्या हौद्यात उभी राहणार होती, आणि बापाला ते ऐकायचं होतं. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळा मी केलेला घोटाळा.

मला बसवायला बराच वेळ लागला. जुने बोल्ट गंजून धरले होते. अफरोजनं त्यांवर तेल सोडलं, शिव्या सोडल्या. एक तुटलाच. मुळात मी दुसऱ्याच गाडीसाठी बनलेलो. माझी भोकं जुळेनात. कानस घेऊन ती त्यानं वाढवली. माझी एक नळी सेल्फच्या अगदी अंगावर येत होती. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी ती लहान मोटर. मधे उष्णता अडवणारा एक पत्रा होता, तोही बसेना.

"हा पत्रा काढूनच टाकू?" अफरोजनं विचारलं.

"आवाज येते ना पण? मंग टाक काढून," इंद्रजीत म्हणाला.

पत्रा कोपऱ्यात गेला. सायलेन्सरचा डबा कुजलेला होता. त्याच्या जागी अफरोजनं सरळ नळी टाकली. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडं बचावासाठीच असेल. आवाज एकट्या माझा नव्हता.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावरचं तेल जळून निळा धूर निघाला, आणि अशी डरकाळी उठली की मागच्या अंगणातून अफरोजची बायको नुजहत ओरडत आली.

"अजी, बंद करो ना वो! बकरी दोरी तोडून राह्यली!"

"शादीची गाडी हाय, नुजहत!"

"शादी का जंग?"

सगळे हसले. इंद्रजीत तर लहान मुलासारखा हसला. मीही आतून थरथरत होतो. मला वाटलं, हाच तो मान, ज्यासाठी आपण जन्मलो.

चढावर गाडी जरा बरी चढायची, हे खरं. पंजाबरावला मागे टाकलं नाही, पण त्यानं वळून पाहिलं. इंद्रजीतला तेवढं पुरलं. घरी मात्र त्याची बायको बबिता कानावर हात ठेवायची.

"येऊन राह्यले म्हणून आता पाणी तापवाले ठेवते मी," ती म्हणायची. "बोरी अरब सोडलं का आवाज येते."

"मंग चांगलंच हाय की!"

"हौ. अन् देवळातला देव उठून बसते."

घरात ते आपसात गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, आईला याडी म्हणतात. मला जसं उमगलं तसं मी इथे सांगतो आहे. शब्द इकडचे तिकडे झाले असतील.

लग्नाआधीच्या दिवसांत म्हातारी रामीबाई रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात येऊन बसायची. तिला अख्खी हवेली येत होती. पायल नर्सिंग शिकलेली. आधी ती म्हणायची, काकी, मले लाज वाटते, मी नुसती रडून घेईन. पण हळूहळू ती शिकली. चाल पक्की झाली, आणि मग स्वतःच्या ओळी जुळवू लागली. त्या ती कुणाला ऐकवायची नाही. इंद्रजीत गाडी घेऊन अंगणात शिरला की ती गप्प व्हायची.

"काय जुळवलं वो?" तो विचारायचा.

"त्या दिवशी ऐका, बा."

याच दिवसांत सेल्फचं दुखणं सुरू झालं. माझी नळी तापायची, शेजारचा सेल्फ भाजून निघायचा. गाडी बंद करून लगेच किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्' व्हायचं, इंजिन हलायचं नाही. सगळं निवायची वाट पाहावी लागे, नाहीतर धक्का. इंद्रजीतनं फोन केला तर अफरोज म्हणाला, "गरम झाली का रुसते, जरा थांबत जा. लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू." मला कळत होतं की हा माझ्या अंगच्या आचेचा प्रताप आहे. पण मी काय करणार? तापणं हेच माझं काम. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज ते समजावणं मला पुरत नाही.

लग्न झालं. पंगती उठल्या. निघायच्या आधी पाण्याचे कॅन संपले म्हणून इंद्रजीत घाईनं बोरी अरबला जाऊन आला. गाडी तापून लाल. मंडपामागे त्यानं ती बंद केली, सहज पुन्हा किल्ली फिरवून पाहिली.

टक्.

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण किल्ली पुन्हा दोनदा फिरलेली जाणवली. सकाळीच तांड्याचे नाईक सेवादास बॉनेटला हळद लावताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माह्या बापाच्या बैलाले नवरी चढल्यावर कधी मांगून ढकलावं लागलं नाही. नवरीची सवारी आपल्या पायानं गेली पाहिजे." ते काही नियम सांगत नव्हते, बैलाची आठवण काढत होते. पण इंद्रजीतच्या मनात ते रुतून बसलं. वर जावईबापू अमरचे चुलते दोनदा घड्याळ दाखवून गेले होते, मुकुटबन लांब, उजेडी निघू.

त्यानं दोन पोरांना बोलावलं, शाळेच्या उतारावरून गाडी ढकलून सुरू केली आणि सुरूच ठेवून मंडपाच्या दारात आणली. तापलेलं जुनं इंजिन पाय उचलला की बंद पडायचं. म्हणून तो खाली उतरला नाही. रेस दाबून बसून राहिला.

पायल हौद्यात चढली. तिची ओढणी मागच्या काचेवर घासली. तिनं घराकडे तोंड केलं, हात वर केले. तांडा गप्प झाला, आणि त्या गप्पपणात एकटा मी ओरडत राहिलो.

मी ते कसं सांगू? आवाज कमी करावा असं मला वाटलं. पण हेडरला आवाज कमी करता येत नाही. इंद्रजीतनं पाय जरा सैल केला की इंजिन गचके खायचं, आणि तो घाबरून पुन्हा दाबायचा. प्रत्येक दाबेसरशी मी आणखी गरजायचो. बाजूच्या आरशात त्याला मुलीचे वर केलेले हात दिसत होते, ओठ हलताना दिसत होते. बबिताचा पदर तोंडाला लागलेला दिसत होता. रामीबाई मान पुढे काढून, कानामागे हात धरून उभी होती. तो आरशात पाहून रडत होता. पण कशावर रडायचं, तेच त्याला ऐकू येत नव्हतं.

मग हात खाली आले. कुणीतरी टपावर थाप मारली आणि आम्ही निघालो. पाहुण्यांच्या दारात मी जोरात पोचलो. "काय आवाज हाय बापा तुमच्या गाडीचा!" अमरचे चुलते म्हणाले. इंद्रजीत हसला नाही.

घरी परतल्यावर त्यानं बबिताला विचारलं, "तुले ऐकू आली?"

ती भांडी आवरत होती. "हौ. आली की."

"माह्य नाव घेतलं?"

"घेतलं."

तिनं तोंड फिरवून सांगितलं. काय म्हणली ते मात्र सांगितलं नाही. मलाही ते खरं वाटलं, किंवा खरं मानणं सोयीचं होतं.

काही दिवसांनी तो पायलला पहिल्यांदा माहेरी आणायला मुकुटबनकडे गेला. येताना ती पुढे त्याच्या शेजारी बसली होती. वणी ओलांडल्यावर रस्त्याकडेच्या एका हॉटेलवर चहाला थांबले, आणि सवयीनं त्यानं किल्ली फिरवली. मग कपाळाला हात लावला. चहा पिऊन परत आले तर टक्. त्यानं बॉनेट उघडलं. आता निवेपर्यंत थांबणं आलं.

दोघं माझ्यासमोर उभे होते. बाजूला पळसाची सावली, रस्त्यावर कुणी नाही. निवताना माझं लोखंड आखडतं आणि त्याचा तडतड असा बारीक आवाज होतो. तेवढाही त्या वेळी नको वाटत होता मला.

"आता पाह्य कशी शांत हाय," इंद्रजीत म्हणाला. मग म्हणाला, "पायल, त्या दिवशी मले काहीच ऐकू नाही आलं. तुही याडी म्हणते तिनं ऐकलं. मले सांगत नाही काय म्हणली ते."

पायल माझ्याकडे पाहत होती. म्हणजे इंजिनाकडे. पण मला वाटलं, माझ्याकडेच.

"याडीनं नाही ऐकलं, बा."

"म्हंजे?"

"मी म्हणलीच नाही पूरी. दोन ओळी म्हणली अन् थांबली. मलेच माहा आवाज ऐकू येऊन नव्हता राह्यला."

"पण तोंड त हालत होतं तुह्य!"

"हालवत राह्यली." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "थांबली असती त समदे तुमाले ओरडले असते, गाडी बंद कर म्हणून. बंद केली असती त मंग सुरू नसती झाली. पोरं मले सांगून गेलते, शाळंपाशी धक्का मारला म्हणून. पाहुण्याईसमोर तुमची गाडी ढकलली असती मंग. त्यापरीस म्हटलं, राहू दे."

आतापर्यंत मला वाटत होतं, मी तिचं गाणं बुडवलं. बुडवलेलं गाणं निदान असतं तरी. तिनं ते बापाची लाज राखायला गिळून टाकलं होतं, आणि ती लाज मीच त्याच्यावर आणली होती. माझ्या नळ्या त्या वेळी गरम होत्या. पण आतून मी इतका गार कधी पडलो नव्हतो.

इंद्रजीत खाली दगडावर बसला.

"मंग आता म्हण," तो म्हणाला. "आता गाडी बंद हाय. कोणी नाही इथं."

पायल हसली, डोळे पुसत हसली. "आता? मी त घरी येऊन राह्यली बा. येतानी हवेली म्हणतेत काय? लोक म्हणतीन, पोरगी येडी झाली, माहेरी जाऊन राह्यली अन् रडून राह्यली!"

"मंग जातानी?"

"जातानी पाहू. रामीकाकीले इचारते, चालते का म्हणून."

"चालते. मी सांगतो तिले."

"तुमी कोणालेच काही सांगू नका," ती म्हणाली. "तुमाले कोणीबी काहीबी गळ्यात बांधते, ते तुमाले समजते तरी का? हे काय लावून आणलं गाडीले! पाहा याच्याकडे. निळं-जांभळं होऊन बसलं."

खरं होतं. तापून तापून माझा रंग तसा झाला होता. अफरोजच्या दुकानात येणारे लोक त्या रंगाचं कौतुक करतात. मला तो मारल्याचा वळ वाटतो.

दुसऱ्याच दिवशी इंद्रजीत मला घेऊन अफरोजकडे आला. त्यानं एकच वाक्य सांगितलं, "काढ हे." अफरोज काही टोमणा मारणार होता, पण त्याचं तोंड पाहून त्यानं पाना उचलला. मग इंद्रजीतनं थोडक्यात सगळं सांगितलं. अफरोज मान खाली घालून ऐकत होता.

"पत्रा मीच फेकलता," तो म्हणाला.

"मी हो म्हटलं तवा फेकला तू."

बोल्ट निघाले. ओतीव लोखंडाचा जुना मॅनिफोल्ड परत बसला, पत्रा सापडला, तोही बसला. सायलेन्सरला नवा डबा आला. मी फरशीवर पडून पाहत होतो. गाडी सुरू झाली. बकऱ्यांनी मान वर केली नाही. इंद्रजीतनं ती मुद्दाम बंद केली आणि पुन्हा सुरू केली, तीन-चारदा. दरवेळी ती सुरू झाली. मला या खिळ्यावर टांगलं.

पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. इंद्रजीत नंतर एकदा तेल बदलायला आला, तेव्हा कानावर पडलं तेवढंच.

"पोरगी गेली सासरी?" अफरोजनं विचारलं.

"गेली. जावई आलता न्याले."

"मंग... म्हणली?"

"हौ. रामीकाकी म्हणे, अर्धी सोडलेली पूरी कराले काय हरकत हाय. अंगणातच उभी राह्यली. आम्ही घरचे अन् शेजारच्या दोन-चार बाया, एवढेच."

"अन् गाडी?"

"गाडी पार डांबरी रस्त्यावर उभी केलती. पायी गेलतो घरी."

अफरोज जरा पुढे झुकला. "काय म्हणली बे तुह्याबद्दल?"

इंद्रजीतनं हात पुसायला बोळा घेतला. हात स्वच्छच होते. तरी तो पुसत राहिला.

"ते तुले कायले सांगू?" तो म्हणाला.

दोघं हसले. मागून नुजहतनं चहा पाठवला. मलाही ते शब्द ऐकावेसे वाटले, पण ते मागण्याचा हक्क मला नाही. ती गायली तेव्हा मी इथे खिळ्याला लटकत होतो, आणि माझ्याकडून त्या घराचं काही भलं झालं असेल तर ते एवढंच.

माझ्यावर आता धूळ बसते. अधूनमधून कुणी येतो, मला हातात घेऊन वजन पाहतो, अफरोजला विचारतो, आवाज येईल काय मोठा? अफरोज पूर्वी खूप बोलायचा. आता म्हणतो, येईल, पण विचार करून घे. कुणीतरी एक दिवस नेईलच मला. वाळूच्या, गिट्टीच्या गाडीला लावा. तिथे मी माझं काम मुकाट्यानं, म्हणजे माझ्या परीनं मुकाट्यानं, करीन. आणि कधी माणसं भरलेल्या दारात माझी गाडी उभी असली, आणि कुणी काही म्हणायला तोंड उघडलं, तर किल्ली फिरवून टाका. पुन्हा सुरू झाली नाही तर नाही. तिथे जमलेली सगळी आपलीच माणसं असतात. हाक मारा, ढकलतील.